आषाढात घर हलवायचं की दसऱ्यापर्यंत थांबायचं? आणि हलवायचंच तर भर पावसात सामान बांधायचं कसं?

अंत्रुजकन्या:
फोंड्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही पर्वरीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये चाललोय. भाडेकरार १५ जुलैला संपतो आणि मुदतवाढ मिळणार नाही, कारण घरमालकांचा मुलगा कायमचा परत येतोय. ह्या तारखा नेमक्या आषाढात पडतात. घरच्या मोठ्यांचं म्हणणं असं: आषाढात नव्या घरात पाऊल नको, पुढे चातुर्मास, त्यात पितृपक्ष, तेव्हा एकदम दसऱ्यालाच जा. तोवर सामान नातेवाइकांच्या पडवीत आणि आम्ही तीन महिने दुसरीकडे भाडं भरून.

शिवाय बाकीचं आहेच. शनिवारी निघू नये, अमावास्या टाळावी, जुनी केरसुणी नेऊ नये, मीठ-तांदूळ आधी न्यावेत, दूध उतू घालावं, निघताना मागे वळून बघू नये.

माझं मत सांगते. ज्या रीतीने घरच्यांचं मन निवतं आणि कुणाचं काही जात नाही, ती मी आनंदाने करीन. पण जिच्यापायी गृहकर्जाचा हप्ता आणि भाडं दोन्ही भरायची पाळी येते, ती मी पाळणार नाही. तुम्ही काय केलंत, काय कराल? आणि पावसात घर हलवलेल्यांनी बांधाबांधीचंही सांगा.

पेडण्याची वहिनी:
तू दोन गोष्टी एकत्र केल्यास. वास्तुशांत वेगळी आणि राहायला जाणं वेगळं. वास्तुशांत आषाढात करत नाहीत, त्यावर मी ठाम आहे. राहायला जाण्याबद्दल तारखेची ओढाताण करण्यापेक्षा देवाला कौल लाव. आमच्या घरात आजही मोठा निर्णय त्याशिवाय होत नाही. मूर्तीला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, उजवी पाकळी पडली की होकार समजायचा. माझ्या सासऱ्यांनी जुनं घर पाडायच्या आधी कौल घेतला होता. दोनदा डावा आला म्हणून वर्षभर थांबले. त्या वर्षात भावाभावांची बोलणी होऊन वाटणी शांतपणे झाली.

आणि जुन्या जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवल्याशिवाय निघू नकोस. इतकी वर्षं त्या जागेने सांभाळलं, तिला सांगून निघायचं. ह्याला कुणी अंधश्रद्धा म्हटलं तर मला मनापासून वाईट वाटतं.

डिचोलीचे मास्तर:
वहिनी, राखणदाराच्या नारळाला माझा विरोध नाही. कृतज्ञता आहे ती. माझा विरोध भीतीला आहे. ‘आषाढात गेलात तर बरं होणार नाही’ हे वाक्य एकदा कानावर पडलं की पुढच्या वर्षभरात मुलाला ताप आला, कुणाची नोकरी गेली, तरी बोट त्याच आषाढाकडे जातं. सुनेने घाई केली होती, असं उघड म्हटलं जातं. मी हे माझ्या शेजारी पाहिलंय.

आणि घर हलवण्याचा मुहूर्त गोव्याने कुणाला शिकवायचा? आपल्या देवांनीच घरं बदलली आहेत. १५६० मध्ये मंगेश कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला आला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. पोर्तुगिजांकडून देवळं मोडली जात होती तेव्हा माणसांनी मूर्ती उचलून आणल्या. त्या वेळी पंचांग उघडून बसले असते तर आज अंत्रुज महालात, म्हणजे ह्या फोंड्यात, काय उरलं असतं?

पेडण्याची वहिनी:
मास्तर, तो आपद्धर्म होता. जिवावर बेतलं असताना शास्त्रच सूट देतं. आणि तुम्ही कथा अर्धी सांगितलीत. मूर्ती आणल्या त्या नुसत्या ठेवल्या नाहीत. पुढे सवड होताच देवळं उभी राहिली, पूजाअर्चा सुरू झाली, उत्सव सुरू झाले, ते आजपर्यंत चालू आहेत. म्हणजे आधी आसरा आणि मग विधी. मीही तेच सांगतेय. तुझ्यावर खरोखर संकट असेल तर जा, पण विधी नंतर तरी नीट कर. नुसती सोय बघून रीत मोडायची असेल तर त्याला देवांचं उदाहरण देऊ नका.

अंत्रुजकन्या:
वहिनी, पंधरा तारखेला डोक्यावर छप्पर नसणं हेही आमच्या परीने संकटच आहे. ‘आधी आसरा, मग विधी’ हे मात्र मी घरी जसंच्या तसं सांगणार आहे.

खोकी आणि सुतळी:
नवऱ्याच्या बदल्यांमुळे माझी सात घरं झाली, त्यातली तीन ऐन पावसात. तेव्हा आधी कामाचं बोलते.

पुठ्ठ्याची खोकी बारमधून आणू नकोस असं लोक सांगतील, तू जरूर आण. बाटल्यांची खोकी जाड असतात आणि लहान असतात. लहान हवीतच, कारण पुस्तकं मोठ्या खोक्यात भरली की उचलणाऱ्याची कंबर जाते नाहीतर खोक्याचा तळ. पण गोव्याच्या पावसात पुठ्ठा हवेनेच मऊ पडतो. म्हणून बांधाबांधी पंधरा दिवस आधी करून खोकी जमिनीवर रचून ठेवू नकोस. फळीवर किंवा पाटावर ठेव. आमच्या दुसऱ्या घरी खालच्या थरातल्या खोक्यांना पाठीमागून वाळवी लागली होती, आईची सगळी हस्तलिखित पाककृतींची वही गेली. कागदपत्रं, फोटो, रेशमी साड्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत, आणि आत टाकायच्या आधी पंख्याखाली पूर्ण कोरड्या करून. ओल आत कोंडली तर प्लास्टिक पुठ्ठ्यापेक्षा वाईट. गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर पोचल्या पोचल्या सोड.

खोक्यावर नाव वरच्या बाजूला लिहू नकोस, एकावर एक रचली की दिसत नाही. बाजूला लिही. ताटं-बशा आडव्या रचू नकोस, उभ्या भर, मध्ये जुनी वर्तमानपत्रं. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू दे, आणि टेम्पोत उभाच ठेवायला सांग. आडवा केला तर काँप्रेसरचं तेल नळ्यांत जातं. मग नव्या घरी काही तास तसाच उभा ठेवून मगच चालू करायचा. कपडे धुवायचं मशीन पुढून उघडणारं असेल तर पिंप घट्ट धरणारे बोल्ट असतात, घेतल्या दिवशी काढलेले. ते शोध. आमचे सापडले नव्हते आणि मशीन पोचलं ते खडखडतच. इन्व्हर्टरची बॅटरी उभी, तिच्यावर काही न ठेवता.

गॅसचं आधी बघ. फोंड्याहून पर्वरी म्हणजे गाव बदललं, तेव्हा सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. सामानाच्या बंद टेम्पोत भरलेला सिलिंडर घालायचा नाही.

पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान वेगळं. सोलं, सुके बांगडे, खारे, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या. बरणीचं तोंड आधी कापडाने, मग प्लास्टिकने, मग सुतळीने बांध. सुक्या मासळीचं खोकं कपड्यांपासून शक्य तितकं लांब. आगळाची एक बाटली फुटली तर डाग जन्मभर राहतो.

आता रीतींबद्दल. माझं मत असं बनलंय की प्रत्येक रीतीत काहीतरी शहाणपण आहे. आषाढात नको म्हणजे पावसात नको. जुनी केरसुणी नको, कारण तिच्यात झुरळांची अंडी असतात. आणि मीठ, तांदूळ, हळद-कुंकू, दिवा, पाणी आधी न्या म्हणतात, ते तर सरळसरळ पहिल्या रात्रीचं खोकं आहे! त्यात मी काडेपेटी, चहा-साखर, दूध, सुरी, औषधं, चादरी, दोन बल्ब आणि एक्स्टेन्शन बोर्ड घालते. ते खोकं टेम्पोत सर्वांत शेवटी चढतं आणि सर्वांत आधी उतरतं.

डिचोलीचे मास्तर:
सामानाचं उत्तम सांगितलंत, मी उतरवून घेतलं. पण शेवटचा परिच्छेद मला खटकला आणि तो सोडून देता येत नाही.

रीतीला मागून विज्ञान चिकटवणं ही रीतीशीही अप्रामाणिक वागणूक आहे आणि विज्ञानाशीही. आषाढ पावसाचा म्हणून वर्ज्य असता तर जिथे आषाढात पाऊस जेमतेम पडतो तिथे तो वर्ज्य नसता. पितृपक्षात पाऊस ओसरलेला असतो, तरी तेव्हाही नको म्हणतात. शनिवारचं काय कारण सांगाल? आणि केरसुणीचं झुरळांमुळे म्हणता, तर लक्ष्मीपूजनाला आपण तिलाच हळद-कुंकू वाहतो. जी लक्ष्मी म्हणून पुजली ती घर सोडताना अवदसा कशी झाली? दोन्ही श्रद्धा एकाच घरात नांदतात आणि कुणी विचारत नाही.

पावसात घर हलवणं त्रासाचं आहे हे पाऊस बघूनच कळतं. त्यासाठी पंचांगाची साक्ष नको.

खोकी आणि सुतळी:
शनिवारचं कारण माझ्याकडे नाही, हे मान्य. पण पहिल्या खोक्याबद्दल मी मागे हटणार नाही. माझ्या आजीने मला ‘इसेन्शियल्स’ वगैरे शब्द शिकवला नाही. तिने सांगितलं, मीठ आणि दिवा आधी. तिसऱ्या घरी रात्री नऊला वीज गेली तेव्हा समई आणि काडेपेटी हाताशी होती ती त्या सांगण्यामुळे. कारण ठाऊक नसताना पाळलं, तरी कामाला आलं.

अंत्रुजकन्या:
इथवर आलोच आहोत तर जे आधी लिहिलं नव्हतं ते लिहिते.

तारखेवरून घरात जो वाद चालला होता त्याच्या खाली दुसरा वाद आहे. माझे वडील चार वर्षांपूर्वी गेले. फ्लॅटची सुरुवातीची रक्कम आईने तिच्या निवृत्तीच्या पैशांतून भरली. आणि परवा एका जवळच्या नातेवाइकांनी, आई समोर बसलेली असताना, ठरवून टाकलं की कलश घेऊन पहिलं पाऊल सुवाशिणीने टाकायचं, दूधही तिनेच उतू घालायचं, आणि आईने ‘सगळं झाल्यावर मागाहून’ यायचं. आई काही बोलली नाही. उठून आत गेली आणि भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळायला लागली.

मी केरसुणी नवी घेईन, शनिवार टाळीन, नारळ ठेवीन. हे मी करणार नाही.

पेडण्याची वहिनी:
ताई, वाचून हात थांबला. मी स्वतः चार घरांत सुवाशीण म्हणून कलश घेऊन गेलेय. तेव्हा तो मला मान वाटला, दाराबाहेर कोण उभं आहे हे मी वळून बघितलं नाही. तरी एक लिहिते, रागावू नकोस. त्या नातेवाइकांच्या मनात अपमान नसेलही. त्यांना तुमचं शुभच हवं असेल, त्यांनी हेच पाहिलंय. कलश तू घे, आई तुझ्याबरोबर हात लावून चालू दे. रीतही राहील आणि तिचं मनही.

डिचोलीचे मास्तर:
नाही वहिनी, इथे मधला मार्ग नको. हात लावून का? घर जिच्या पैशांनी झालं तिने पहिलं पाऊल टाकायचं, तिच्या हातात कलश, बाकी सगळे मागे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला. एका गावाला जे जमलं ते एका फ्लॅटच्या दारात जमायला काय हरकत आहे?

साळावलीकाठ:
बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. आमचं मूळ गाव कुर्डी. साळावली धरणाखाली गेलेलं. ऐंशीच्या दशकात लोकांना वाडे आणि वालकिणीला हलवलं. मी तेव्हा लहान होतो. कुणी मुहूर्त विचारला नाही, वार विचारला नाही. पाणी चढणार होतं.

आजोबा आधीच गेले होते. निघायच्या आदल्या रात्री आजीने रिकाम्या घरात दिवा लावला, सारवलेल्या जमिनीवर हात ठेवून बसली, आणि पहाटे वृंदावनातली मूठभर माती पदराला बांधली. नव्या जागी त्या मातीत तुळस लावली ती तिनेच. घरात ती एकटीच मोठी बाई होती. तिला मागाहून ये म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून बहुधा तिला ते करता आलं.

मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा आम्ही अजून जातो. सोमेश्वराचं देऊळ वर येतं, घरांचे चौथरे दिसतात. आमचा चौथरा मी दरवर्षी शोधतो. निघताना मागे वळून बघू नये म्हणतात, तेवढी एक रीत कुर्डीच्या माणसाला पाळता येणार नाही.

ताई, आईला विचारा की जुन्या घरातून तिला काय न्यायचंय. केरसुणीचं राहू दे.

अंत्रुजकन्या:
विचारलं. ती म्हणाली, दारातली अबोली आणि बाबांची पाटाखालची हत्यारांची पेटी.

ठरलं ते असं. ताडपत्रीवाला टेम्पो, रविवारी पहाटे सहाला, म्हणजे पावसाची सर आली तरी हाताशी दिवस आहे. अमावास्या नाही, ते बघितलंय. जागेला नारळ आदल्या संध्याकाळी. पहिलं खोकं आणि अबोलीची कुंडी आईच्या मांडीवर, आमच्या गाडीत. दार ती उघडणार, दूध ती उतू घालणार. नातेवाइकांना मी फोन करून हे सांगितलं. ते येतील की नाही ठाऊक नाही. वास्तुशांत दसऱ्यानंतर, आणि तेव्हाही यजमान म्हणून कोण बसणार ह्यावर पुन्हा बोलावं लागेल.

पेडण्याची वहिनी:
आषाढ मला अजूनही पटलेला नाही, ते मी लपवत नाही. पण दार आईंनीच उघडावं. मी मघाशी जे लिहिलं त्यावर रात्रभर विचार केला, मास्तरांचं बरोबर आहे.

शेगडी काचेची आहे ना? दूध उतू घालताना पातेल्याखाली रुंद परात ठेव, नाहीतर बर्नरच्या भोकांत जाऊन पहिल्याच दिवशी गॅस पेटायचा नाही. आणि कपाटं भिंतीला टेकवू नकोस, चार बोटं अंतर ठेव. नव्या गिलाव्याची ओल पावसात मागून धरते आणि बुरशी येते. अबोलीला पहिले काही दिवस बाल्कनीत उघड्यावर ठेवू नका, पर्वरीच्या टेकडीवर वारा फार असतो.

खोकी आणि सुतळी:
हत्यारांची पेटी खोक्यात घालू नकोस, जड होईल. गाडीच्या डिकीत, गोणपाटात गुंडाळून. आत गंज धरू नये म्हणून एक तेलाचं फडकं फिरव. आणि गॅसचं व्हाउचर उद्याच घे, रविवारी एजन्सी बंद असेल.