कोलिमा: राज्य की नुसती पाटी?

आडवाटकर:
लोकहो, वाद घालायचाय. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर कोलिमा नावाचं राज्य आहे. साधारण ५,६०० चौ. किमी, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाहून जरासं मोठं, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं ७ लाख ३१ हजार, म्हणजे सिंधुदुर्गाहूनही कमी. अख्ख्या मेक्सिकोत सगळ्यात कमी लोकसंख्येचं राज्य हेच. तरी थाट बघा, गव्हर्नर आहे, २५ आमदारांचं विधिमंडळ आहे, स्वतःची राज्यघटना आहे. आणि हातात काय? मानसानियो हे कंटेनरच्या हिशोबात देशातलं सगळ्यात मोठं बंदर, ते केंद्राचं, तिथलं कस्टम्स पण केंद्राचं, आता तर बंदराचा कारभार नौदलाकडे. मिनातित्लानजवळची पेन्या कोलोरादाची लोखंडाची खाण कंपन्यांची (त्यात अर्धा वाटा आपल्या मित्तलांच्या आर्सेलरमित्तलचा). रेव्हियाहिहेदो बेटं नकाशावर कोलिमाची, पण समुद्रात सहाशे किमीहूनही जास्त आत आणि कारभार परत केंद्राचाच. कहर म्हणजे नेवादो दे कोलिमा नावाचा उंच डोंगर, तोही शेजारच्या हालिस्को राज्यात!! मग हालिस्कोतच विलीन करून टाका ना, दोन-दोन मंत्रालयांचा खर्च कशाला.

सुमन_घाटावरची:
अजिबात सहमत नाही. तुम्ही फक्त तिजोरी बघताय, मताचं वजन बघा. मेक्सिकोत प्रत्येक राज्याचे तीन सिनेटर, मग ते एक कोटी सत्तर लाखांचं मेक्सिको राज्य (देशाच्याच नावाचं एक राज्य) असो की सात लाखांचं कोलिमा. विलीन झालं की हे तीन गेले, उरले खालच्या सभागृहातले दोन मतदारसंघ, आणि ग्वादालाहाराच्या (हालिस्कोची राजधानी) पुढाऱ्यांपुढे त्या दोघांना कोण विचारतंय. शिवाय मेक्सिकोची पहिली महिला गव्हर्नर कुठून आली माहितीये? कोलिमातून. ग्रिसेल्दा आल्वारेस, १९७९. देशभरात बायकांना मतदानाचा हक्क मिळाला १९५३ मध्ये, म्हणजे जेमतेम पंचवीस-सव्वीस वर्षांत. आत्ताच्या गव्हर्नर पण बाईच आहेत, इंदिरा विस्काइनो (हो, नाव खरंच इंदिरा आहे).

टपरीवरचा_चहा:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आडवाटकर:
सुमनताई, ग्रिसेल्दाबाईंबद्दल आदर आहेच पण छोट्या राज्याची दुसरी बाजू पण सांगा की. १९२९ पासून २०२१ पर्यंत एकच पक्ष सत्तेत, पीआरआय. आणि गव्हर्नरची निवडणूक कोर्टाने दोनदा रद्द केली, २००३ ला आणि २०१५ ला, दोन्ही वेळा कारण काय तर राज्य सरकारनेच निवडणुकीत हात घातला. २०१५ ला तर फरक पाचशेच्या आसपास मतांचा होता. सगळे एकमेकांच्या ओळखीतले, नात्यातले, मग अधिकारी कोणाचं ऐकणार? सोयऱ्याचंच ना.

सुमन_घाटावरची:
आणि दोन्ही वेळा परत मतदान होऊन परत पीआरआयच जिंकला, ते सांगायचं राहिलं तुमचं 😄 पण मुद्दा असा की गडबड पकडली गेली ना. मोठ्या राज्यात पाचशे मतांची भानगड कोणाच्या लक्षात पण आली नसती.

दर्यावर्दी_अलिबाग:
मी मर्चंट नेव्हीत होतो, मानसानियोला तीन वेळा गेलोय म्हणून बोलतो. बंदर गावाच्या अगदी कुशीत आहे, वर्षाला तीस लाखांहून जास्त कंटेनर (वीस फुटी मापाने मोजले तर), त्यातले बरेच ज्या रस्त्यांवरून जातात त्याच रस्त्यांवरून लोकांची पोरं शाळेत जातात, ट्रेलरची रांग लागली की झालं कल्याण. ड्युटीचा पैसा राजधानीत आणि धूर, खड्डे, ट्रॅफिक मानसानियोच्या नगरपालिकेकडे. त्याहून वाईट म्हणजे बंदरातून ड्रग्जची रसायनं येतात म्हणून टोळ्या भांडतात. २०२२ ला या राज्यात लाखामागे शंभरावर खून झाले, देशात सगळ्यात जास्त. एका माजी गव्हर्नरला २०१० मध्ये घराबाहेर गोळ्या घातल्या होत्या. आता आडवाटकर, मला एक सांगा, उद्या कोलिमा हालिस्कोत गेलं तर बंदर हालिस्कोचं होईल का? नाही. केंद्राचंच राहणार. मग विलीन करून नक्की काय मिळालं?

आडवाटकर:
हम्म. हा मुद्दा बरोबर आहे दर्यावर्दी, मान्य. रोग छोटेपणाचा नाही, कराचा आहे. तरी २५ आमदार कशाला हे कोणी सांगितलंच नाही.

सुमन_घाटावरची:
गोव्यात ४० आहेत, दुप्पट लोकसंख्येला. हिशोब करा, कोलिमाचा दर त्याहून थोडाच जास्त पडतो.

टपरीवरचा_चहा:
दर्यावर्दीकाका, खाण्यापिण्याचं काही सांगा, हे खून-निवडणुका पुरे.

दर्यावर्दी_अलिबाग:
अरे मजा आहे. तिथे तुबा मिळते, माडाचीच. फिलिपिनो लोक स्पॅनिश काळात मनिलाच्या व्यापारी गलबतांबरोबर आले तेव्हा ही विद्या घेऊन आले. ताजी, नीरेसारखी गोड, वर शेंगदाणे टाकून देतात. माडी म्हणून प्यायला गेलो आणि शेंगदाणे चावत बसलो. बाकी तेकोमानच्या बाजूला लिंबाच्या बागाच बागा, आणि कुयुत्लानला मिठागरं, ती बघून तर थेट उरण आठवलं.

आडवाटकर:
हे आधी सांगितलं असतं तर विलीन करा म्हणालोच नसतो.