टर्म संपली, कर्ज संपलं का?

दादा, साठीला टर्म पॉलिसी (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) संपतेय, हातात काहीच येणार नाही, म्हणून नवीन काढू का, असं विचारलंत. आधी बघा, तुमच्या मिळकतीवर अजून कोण अवलंबून आहे? माझी गेल्या वर्षी संपली. मुलगी चिपळूणला नोकरीला लागलेली, कलमांचं कर्ज फिटलेलं. नवीन काढली नाही. (बायको म्हणाली, वीस वर्षांचे पैसे पाण्यात. म्हटलं, मेलो नाही हे काय कमी!)

तुमच्या होडीचं कर्ज मात्र अजून पाच वर्षं आहे म्हणता, तर तेवढ्याच रकमेचं आणि मुदतीचं कव्हर बघा. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तरी या वयात हप्ता चढाच बसतो. शुगर असेल तर अर्जात लपवू नका. आणि नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका.