कॉटन ग्रीनचा गुड्स यार्ड: रूळ नेमके कुठून जात होते?

गाठवाल्याचा नातू:
आजोबा माथाडी. पाटणकडून मुंबईत आले आणि उभी हयात कॉटन ग्रीनला वाघिणीतून, म्हणजे मालगाडीच्या डब्यातून, रुईच्या गाठी उतरवण्यात गेली. एक गाठ 170 किलोच्या आसपास. त्यांचा लोखंडी हूक घरी आहे, आई त्याला पिशव्या अडकवते.

लागोपाठ दोन रविवार स्टेशनच्या पूर्वेला फिरून आलो. गोदामं आहेत, दगडी भिंती आहेत, रूळ म्हणाल तर नाहीत. आजोबा एवढंच म्हणायचे, "वाघीण दारात लागायची." एका ठिकाणी डांबरात दोन हात लांबीचं लोखंड दिसलं, त्याला खेटून तसंच दुसरं, मध्ये तीन बोटांची फट. हे रूळ असतील तर इतके जवळ कसे? शिवाय एका गोदामाच्या आवाराची भिंत उगाचच गोल वळते. रस्ता सरळ, गोदाम सरळ, मग हिला काय झालं? जाणकारांनी सांगावं.

फिशप्लेट:
ती रुळांची जोडी नव्हे. एक चालीचा रूळ, ज्यावरून चाक चालतं तो; दुसरी चेक रेल. रस्त्यातून लाईन नेताना चाकाच्या आतल्या कडेला जागा लागते. चेक रेल नसेल तर डांबर-माती तिथे भरते आणि चाक वर चढतं. ज्याचं डोकं घासून सपाट झालंय तो चालीचा. चेक रेल नेहमी आतल्या बाजूला, म्हणजे त्या बाजूला तोंड करून उभे राहा. चालीच्या रुळाच्या आतल्या कडेपासून टेपने 1676 मिलिमीटर मोजा. ब्रॉडगेजचा जोडीदार तिथेच पुरलेला असणार, कोणी उपटून भंगारात दिला नसेल तर.

काळाचौकीकर:
भिंतीला काही झालेलं नाही, ती सायडिंगच्या, म्हणजे गोदामापर्यंत नेलेल्या फाट्याच्या लाईनीच्या, शेजारून गेलीय. वाघिणीला बैलगाडीसारखं जागच्या जागी वळता येत नाही. लाईन गोल गेली की आवारही गोल.

आम्ही याला बीपीटीची, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टची, रेल्वे म्हणायचो. लाल झेंडी घेतलेला माणूस पुढे चालत यायचा आणि मागून इंजिन, त्याच्याच चालीने. शाळेला उशीर झाला की आमचं कारण तयार असायचं, आणि गुरुजींनाही ते पटायचं!

पोर्ट ट्रस्टची ही लाईन 1 जानेवारी 1915 ला सुरू झाली. बॅलार्ड पिअर ते वडाळा, वडाळ्याला बाकीच्या रेल्वेशी जोड. शिवडीकडची बरीचशी जमीन मुळात समुद्रच; भराव घालून केलेली. उतरती कळा कधी लागली म्हणाल तर माझ्या मते 1982 च्या गिरणी संपापासून. पुढे 1989 ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं, माल कंटेनरमध्ये गेला, उरलेला ट्रकने नेला.

मोडी लिपी:
थोडं अवांतर. नावातला 'ग्रीन' रंगाचा नव्हे, मैदानाचा. कापसाचा बाजार आधी फोर्टातल्या मैदानावर भरायचा, 1844 ला कुलाब्याला गेला, 1920 च्या दशकात शिवडीकडे आला. बाजाराबरोबर नावही चालत आलं. हिरवळ मात्र फोर्टातच राहिली.

फिशप्लेट:
एक राहिलं. गोदामांचे ओटे बघा. ओटा ट्रकच्या उंचीलाही जुळतो, त्यामुळे एका ओट्यावरून काही ठरवू नका. दोन्ही बाजूंना ओटे असतील आणि एका बाजूला ट्रक शिरेल एवढी वाटच नसेल, तर ती बाजू रुळाची. आणि कॅमेरा काढण्याआधी गेटवर विचारा, जमीन बंदराची आहे.

गाठवाल्याचा नातू:
काल बाबांना घेऊन गेलो. टेप धरला तर 1676 वर चहाच्या टपरीचं बाकडं. टपरीवाल्या काकांनी बाकडं सरकवलं, पेचकसाने माती उकरली, लोखंड लागलं. "मी समजत होतो गटाराची पट्टी," म्हणाले. चहाचे पैसे घेतले नाहीत.

गोल भिंतीमागच्या गोदामाला मागेही ओटा आहे. भिंत आणि ओटा यांच्यामध्ये जेमतेम एक वाघीण मावेल, आता तिथे एरंड माजलाय. बाबा ओट्यावर चढले, बंद शटरला पाठ लावून उभे राहिले आणि हात पुढे केला, वाघिणीचं दार असायचं तिथे. म्हणाले, "दोन पावलं. म्हणून म्हणायचे, दारात लागायची."

पुढच्या वेळी हूक घेऊन जाणार आहोत. आईला पिशव्यांसाठी खिळा ठोकून दिला.