सेकंडहँड गाडी, डबलसीट तोरणमाळ: मदत हवी आहे

मंडळी, जळगावातच 2017 ची 350 सीसीची गाडी बघून ठेवलीय. इंजिनाचा आवाज गोड, पण मागच्या टायरवर 2218 आहे, म्हणजे 2018 च्या 22 व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत, पण रबराला बारीक तडे. टायर बदलावेच लागणार. त्यावरून भाव किती पाडू?

आरसीवर बँकेचा बोजा तसाच आहे. मालक म्हणतो, 'कर्ज कधीच फिटलं.' बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) हातात पडेपर्यंत इसार देऊ नये ना?

डिसेंबरात सौ.ला घेऊन तोरणमाळ, येताना सारंगखेड्याची यात्रा. तिची कंबर धरते, त्यामुळे बॅकरेस्ट हवाच. पण सॅडलबॅग लावल्यावर तिचे पाय फूटरेस्टवर नीट राहतात का? दोघांचं वजन 140 किलो, वर भरीत-पुरीचा डबा! घाटासाठी मागचे शॉक (शॉकअॅब्सॉर्बर) किती कडक करू?