टेनेसीची बंदी: इम्प्लांट तोच, दंड मात्र निदानावरून

ऊनसावली: अमेरिकेत टेनेसीच्या 'एसबी १' कायद्याने जुलै २०२३ पासून १८ वर्षांखालच्या ट्रान्स मुलांना प्युबर्टी ब्लॉकर (वयात येणं थांबवून ठेवणारी औषधं) आणि हार्मोन द्यायला बंदी आहे. १८ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती वैध ठरवली. घटनेत बसलं म्हणजे शहाणपणाचं ठरलं असं नाही.
सात वर्षांच्या मुलीला अकाली वयात येण्याची लक्षणं दिसली, तर दंडाच्या त्वचेखाली हिस्ट्रेलिन या ब्लॉकरचा ५० मिलिग्रॅमचा इम्प्लांट बसवतात. तो वर्षभर चालतो आणि याला कायद्याची हरकत नाही. केसपेपरवर निदान 'जेंडर डिस्फोरिया' (जन्मतः मिळालेलं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नसल्याचा त्रास) असलं की त्याच इम्प्लांटसाठी डॉक्टरला दर उल्लंघनामागे २५,००० डॉलर दंड. वर मूल १८ चं झाल्यावर ३० वर्षांपर्यंत दावा लावता येतो. म्हणजे पेशंट अठ्ठेचाळिशीला पोचेपर्यंत डॉक्टरच्या डोक्यावर टांगती तलवार. एवढ्या लांबच्या जोखमीचा विमा कोण उतरवणार?

खडूस_काका: औषध एक म्हणून उपचार एक होत नाही. अकाली प्युबर्टीत साधारण अकराव्या वर्षी औषध थांबवतात आणि मुलगी आपोआप वयात येते. इथे टॅनर स्टेज २ लाच, म्हणजे वयात येण्याची पहिली लक्षणं दिसताच, नैसर्गिक प्युबर्टी रोखायची आणि पुढे बहुतेकदा थेट टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन. मधे बीजं परिपक्वच झाली नाहीत, तर पुढे मूल होण्याचं काय? बाराव्या वर्षी ही संमती कोण समजून देतं? अशा मुलांच्या उपचारांचा आढावा घेणाऱ्या ब्रिटनच्या एप्रिल २०२४ च्या कॅस अहवालाने पुरावा कच्चा म्हटलाय, ते सोयीस्कर विसरू नका.

ऊनसावली: विसरले नाही, काका. प्रजननक्षमतेचं समुपदेशन औषधाआधी झालंच पाहिजे. दर तीन ते सहा महिन्यांनी उंची-वजन, वर्षा-दोन वर्षांनी हाडांची डेक्सा तपासणी हेही हवं. पण कच्च्या पुराव्यावर स्वीडनने २०२२ मध्ये काय केलं? आरोग्य मंडळाने मार्गदर्शक सूचना कडक केल्या, हार्मोन अपवादात्मक केसपुरते ठेवले. ती केस कोणती, हे डॉक्टरच ठरवतो. कॅसनेही १६ वर्षांनंतर हार्मोन सरसकट बंद करा म्हटलं नाही, 'अत्यंत सावधपणे' म्हटलं.

खडूस_काका: आणि ब्रिटनने डिसेंबर २०२४ मध्ये ब्लॉकरवरचा बंदी आदेश बेमुदत केला, तो विसरलात! तोही कायदाच आहे. डॉक्टरांच्या संघटनांनी वेळीच लगाम घातला असता, तर विधानसभेला यावं लागलं नसतं.

दवाखान्यापलीकडे: पण काका, ब्रिटनमध्ये ज्यांचं औषध आधीच चालू होतं, त्यांना ते चालू ठेवता येतं. टेनेसीने ३१ मार्च २०२४ पर्यंतची मुदत दिली, त्यानंतर बंद. ब्लॉकर थांबला की काही महिन्यांत प्युबर्टी परत सुरू होते. आवाज फुटला की तो परत येत नाही, छातीची वाढही नाही. आधीच उपचारावर असलेल्या मुलांना सूट दिली असती, तर काकांच्या एकाही आक्षेपाला धक्का लागला नसता.
बरं, शेजारी जावं म्हटलं तर आठ राज्यं लागून, त्यातल्या सातांत कुठली ना कुठली बंदी. जॉर्जियात ब्लॉकर चालतात, हार्मोन नाहीत. अलाबामात तर डॉक्टरला तुरुंग. उरलं व्हर्जिनिया, ते पूर्वेच्या टोकाला. टेनेसीच्या पश्चिम टोकाच्या मेम्फिसहून तिथवर सुमारे ८०० किलोमीटर, आणि फेरी एकदाच नाही, इम्प्लांट दरवर्षी बदलावा लागतो.

खडूस_काका: चालू उपचारांना सूट हवी होती, हे मान्य. नव्या केसेसचं माझं मत कायम.