थंडीत अडेनियम टकलं झालंय, पाणी द्यायचं का?

गॅलरीवाली (पुणे):
मंडळी, गॅलरी असून नसल्यासारखी, म्हणून माझी सगळी झाडं हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीत असतात. डिसेंबर लागला तशी अडेनियमची, म्हणजे माझ्या जाड बुंध्याच्या फुलझाडाची, पानं पिवळी पडून गळाली. आता नुसता बुंधा उरलाय आणि दाबला तर मऊ लागतो. शेजारच्या डायोस्कोरिया एलिफंटिपेस या कंदाच्या वेलाला मात्र ऐन थंडीत तरतरीत वेल फुटलाय. सासूबाई म्हणतात, तहानलंय बिचारं, पाणी घाल. नवरा म्हणतो, मेलंय, टाकून दे. कोणाचं ऐकू?

निवडुंगकाका (नाशिक):
दोघांचंही नको. बुंधा चारी बाजूंनी दाबून बघा. सगळीकडून सारखाच पिचका लागला, तर त्याने साठवलेलं पाणी वापरलंय, बाकी काही नाही. एकाच जागी बोट आत जात असेल, साल काळपट, ओलसर असेल, कुबट वास येत असेल, तर ती कूज. वरची माती बोटाने सारून मानेपाशी, म्हणजे बुंधा मातीत शिरतो तिथे, आधी बघा, तिथे ती लपून बसते. मग नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं दिसलं की जीव आहे. हात लगेच धुवा, चीक डोळ्यात जायला नको. झाड कण्हेरीच्या कुळातलं आहे, आफ्रिकेत याचा चीक बाणांना लावायचे.

कूज निघालीच तर स्पिरिटने पुसलेल्या सुरीने स्वच्छ गर लागेपर्यंत कापा आणि कुंडीबाहेर सावलीत सुकू द्या.

कूज नसेल तर पाणी बंद. रात्री पारा १५ अंशांखाली राहायला लागला की अडेनियम आवरतं घेतं. पानंच नाहीत तर पाणी ओढणार कोण? माती ओली राहते, आधी बारीक मुळं सडतात, मग गड्डा. (मुंबईकर सांगतील, आमचं तर बारा महिने हिरवं असतं. त्यांना थंडी कुठे माहीत!)

डायोस्कोरियाचं उलटं. ते दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं, थंडीत वाढतं आणि उन्हाळ्यात झोपतं. आपल्या कोनफळाचं भावंड, पण कोनफळ पावसाळ्यात वाढतं आणि थंडीत वाळतं. डायोस्कोरियाला आत्ता पाणी द्या, मार्चनंतर वेल पिवळा पडला की थांबवा.

बर्फातली बाग (टोरांटो):
आमच्याकडे वेगळीच गंमत. बाहेर उणे तापमान, घरात हीटरमुळे २१ अंश. अडेनियमला कळतच नाही झोपायचं की नाही. उजेड मात्र नसतो, म्हणून फांद्या लुकड्या, लांबलचक निघतात. त्यामुळे एक तर ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) लावते, नाहीतर कमी तापणाऱ्या खोलीत ठेवून पाणी तोडते. ऊब आहे आणि उजेड नाही, हे सगळ्यात वाईट.

गॅलरीवाली:
काका, खरवडलं, हिरवं निघालं! मऊपणाही सगळीकडे सारखाच आहे, वास नाही. डायोस्कोरियाचं पाणी सासूबाईंकडे सोपवलंय, म्हणजे अडेनियम वाचेल. पण नर्सरीतून आणलं तेव्हापासून अडेनियम नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) आहे. आत्ता कुंडी बदलू का?

निवडुंगकाका:
अजिबात नको. थंडी शिवरात्रीला शिव शिव म्हणत जाते, त्यानंतर कोंब दिसले की बदला. निम्म्याहून जास्त विटांचे तुकडे आणि जाड वाळू, बाकी माती नि थोडं शेणखत. कोकोपीट एकदा भिजलं की आतून लवकर सुकत नाही, ते आधी मुळांवरून झाडून टाका. आणि नव्या कुंडीत लावल्यावर लगेच पाणी घालू नका, मुळांच्या जखमा आधी सुकू द्या.