नैवेद्याच्या पानात वांगे आले तर काय करावे?

प्रश्न (लातूर) :
मला कळू लागल्यापासून वांगे खाववत नाही. चवीपेक्षा शिजल्यावर होणारा त्याचा बुळबुळीत गर आणि दाताखाली येणाऱ्या बिया मला सहन होत नाहीत. आमचे घर वारकऱ्यांचे असल्याने कांदेनवमीनंतर चातुर्मासात वांगे घरात येत नाही. अडचण सुरू होते ती चंपाषष्ठीला, खंडोबाच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्यापासून. पुढे येळवशीची, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात होणाऱ्या सणाची, भज्जी आणि भोगीची भाजी आहेच. देवाच्या प्रसादाला नाही म्हणणे पटत नाही आणि घास गिळताही येत नाही. शेतात बोलावणाऱ्यांचे मन न दुखवता हे कसे सांगावे?

उत्तर (नांदेड) :
वांगे खाल्ल्यावर जीभ, ओठ किंवा घसा खाजतो का, हे आधी आठवून पाहावे. वांग्यात हिस्टामिन असते आणि काहींना त्याची खरी ॲलर्जीही असते. तसे असल्यास प्रसाद म्हणूनही कण घेऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर (धाराशिव) :
दादा, येळवशीला दरवर्षी भज्जी मीच करते, म्हणून सांगते. भज्जी एकाच मोठ्या पातेल्यात शिजते. ओला हरभरा, तुरीचे दाणे, मेथी, वांगी असे सगळे पीठ लावून एकजीव झाल्यावर त्यातून वांगे वेगळे काढता येत नाही. त्यामुळे पान वाढल्यावर बाजूला सारण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करून सांगणे केव्हाही चांगले, कारण फोडी घालण्यापूर्वी वाटीभर भज्जी वेगळी काढून ठेवणे कोणत्याही घरच्या बाईला जड नाही, पण रात्रभर खपून केलेले पानात तसेच राहिलेले पाहणे मात्र जड जाते. आंबील, उंडे आणि खीर मनापासून मागून घ्यावी.

गराविषयी म्हणाल, तर वांग्याच्या गरात हवेच्या पोकळ्या असतात. शिजताना त्या दबतात, म्हणून तो असा मऊ पडतो. कोवळ्या वांग्याचे पातळ काप मिठाच्या पाण्यात ठेवून, कोरडे करून, तव्यावर कुरकुरीत भाजले की बियाही फारशा जाणवत नाहीत. अर्थात, आपल्यालाच इच्छा झाली तर.

उत्तर (परभणी) :
ताईंचे फोनचे म्हणणे योग्य आहे, पण काप करून पाहण्याची गरज मला वाटत नाही. जन्मभर न रुचलेली भाजी आवडून घेण्याचे बंधन कोणावरही नाही. चंपाषष्ठीला तळी भरल्यावर भंडारा आणि खोबरे वाटले जाते, तोही खंडोबाचाच प्रसाद आहे. तो दोन्ही हातांनी घ्यावा, रोडगा वरणाबरोबर खावा आणि भरीत वाढण्यापूर्वीच हात आडवा धरावा. आमच्या घरी पाहुण्यांनी असे केल्याचे कोणाला कधी वाईट वाटलेले नाही.

प्रश्नकर्ता (लातूर) :
खाज कधीच आलेली नाही, त्यामुळे ती काळजी मिटली. तळीच्या प्रसादाचे मला सुचले नव्हते. यंदा तसेच करीन. येळवशीला ज्यांच्या शेतात जायचे आहे, त्या काकूंना आदल्या दिवशी फोन करतो.